फिंगरकाका

सुपरहिरोचा सिनेमा संपून पडद्यावर नावं सरकायला लागली की थिएटरात बसून राहणारी माणसं दोन जातींची असतात. पहिली जात नावं संपल्यावर येणाऱ्या छोट्याशा तुकड्यासाठी थांबते. मार्व्हलने जगभरच्या प्रेक्षकांना लावलेलं ते व्यसन आहे. दुसऱ्या जातीचा माणूस मुळात नावांसाठीच आलेला असतो. आधीचे अडीच तास त्याने दुनिया बुडताना आणि वाचताना पाहिलेली असते, पण त्याच्या लेखी ती नुसती नांदी. आता तो चष्मा पुसतो, खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो, आणि 'विशेष आभार' या मथळ्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांतली दहाबारा नावं झरझर वर जायला लागली की ती मोठ्याने वाचतो. ही गोष्ट ज्यांनी सिनेमाच्या कितीतरी आधी कॉमिकच्या पानांवर लिहिली, चितारली, त्यांची ती नावं. सफाईची मुलं काळ्या पिशव्या घेऊन दाराशी ताटकळलेली असतात. पुढच्या रांगेतलं कुणीतरी वळून "शुक्" करतं. हा माणूस त्यालाच विचारतो, "विंटर सोल्जरची गोष्ट कुणाची, सांगा बघू?" एड ब्रुबेकरने लिहिली, स्टीव्ह एप्टिंगने चितारली. समोरच्याला हे माहीत नसतं, आणि नेमकं म्हणूनच त्याला विचारलेलं असतं.

या जातीचा अस्सल नमुना आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत राहतो. त्यांना सगळे फिंगरकाका म्हणतात. बिल फिंगर हा बॅटमॅनचा पहिला लेखक, आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय काकांचा दिवस मावळत नाही. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, सिलिंडरवाला, मतदारयादी तपासायला आलेल्या शिक्षिका, सगळ्यांना काकांनी कधी ना कधी दारात थांबवून विचारलेलं आहे, "बॅटमॅन कुणी तयार केला?" त्या शिक्षिका बिचाऱ्या म्हणाल्या, "या पत्त्यावर त्या नावाचं कुणी नाही." काकांनी त्यांना चहा दिला आणि मतदारयादी बाजूला ठेवून १९३९ सालापासून सुरुवात केली.

सुपरहिरोवेडा म्हटलं की छातीवर वटवाघूळ छापलेला पोरसवदा तरुण डोळ्यांपुढे येतो. काकांचा अवतार अगदी वेगळा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पुतण्याने एकदा बंगळुरूहून बॅटमॅनचा टी-शर्ट आणला होता. काकांनी तो उलटा करून शिवणीतलं लेबल वाचलं. कापूस किती टक्के, धुवायचा कसा, शिवला कुठे, सगळं होतं. "चित्रकाराचं नाव छापा, मग घालतो," असं म्हणून त्यांनी त्याची परत घडी घातली. सध्या त्याने पंखे पुसतात.

हे वेड काकांना अमेरिकेतून लागलं नाही, नोकरीतून लागलं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. खातं कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्याच खात्यांत कामाची रीत एक. टिपणी कारकुनाने लिहायची, खाली सही साहेबाची. टिपणी गाजली तर साहेबांची दूरदृष्टी, अंगाशी आली तर "हे कुणी पुट अप केलं?" काकांनी अख्खी उमेद दुसऱ्याच्या सहीसाठी सुबक मराठी लिहिण्यात घालवली. मग कधीतरी बॅटमॅनची जन्मकथा त्यांच्या वाचनात आली आणि त्यांना आपली फाईल सापडली.

ती कथा काका कार्यालयीन भाषेतच सांगतात. "बॉब केन हा साहेब. त्याने आणलेला मूळ प्रस्ताव काय होता? लालभडक घट्ट कपडे, डोळ्यांवर एवढीशी पट्टी आणि पाठीला दोन ताठ पंख. बस्स. तो घेऊन तो आला बिल फिंगरकडे. फिंगर म्हणजे चपलाबूट विकून पोट भरणारा मुलगा. त्याने प्रस्तावावर शेरे मारले. पट्टी काढा, टोकदार कानांचा टोप द्या. पंख काढा, झगा द्या. लाल नको, करडा-काळा करा. हातात मोजे घाला, नाहीतर बोटांचे ठसे राहतील. पुढे ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम हे गाव त्याचं. डिटेक्टिव्ह कॉमिक्स, क्रमांक २७, मे १९३९, पहिली गोष्ट त्याचीच. आणि सही?" इथे काका थांबतात. ऐकणाऱ्याने "बॉब केन" असं म्हणायचं असतं. ते म्हटल्याखेरीज गोष्ट पुढे सरकत नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे, आणि काका ती घाईत उरकतात. केनने प्रकाशकाशी करारच असा केला होता की बॅटमॅनवर नाव फक्त त्याचं लागेल. फिंगर अनेक वर्षं लिहीत राहिला आणि १९७४ साली गेला. एकाही बॅटमॅनवर निर्माता म्हणून त्याने आपलं नाव पाहिलं नाही. केनने १९८९च्या आत्मचरित्रात फिंगरवर अन्याय झाल्याची कबुली दिली. "फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर साहेबाने शेरा लिहिला," काका म्हणतात. पुढे मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकाने जुने कागद उकरले, फिंगरची नात शोधून काढली, आणि शेवटी २०१५च्या सप्टेंबरात डीसी कॉमिक्सने जाहीर केलं की यापुढे केनबरोबर फिंगरचंही नाव लागेल.

त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले.

"नातू झाला का?" पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं.

"नाही हो. नाव लागलं."

"सातबाऱ्यावर?"

"बॅटमॅनवर."

आजींनी पेढा देवापुढे ठेवला. जमिनीच्या भांडणातून माणूस सुखरूप सुटला, एवढं त्यांना पुरेसं होतं. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉंक्सच्या एका रस्त्याला फिंगरचं नाव दिल्याचं कळलं तेव्हा मात्र काकांनी पेढे आणले नाहीत. "रस्त्याला नाव दिलं म्हणजे आता माणसाला काही द्यायचं उरलेलं नाही," एवढंच ते म्हणाले. महाराष्ट्रात राहून आलेलं शहाणपण ते.

काकांचं कॉमिक वाचन सुरू झालं इंद्रजालपासून. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स काढलं. पुढे घरोघरी पोचलेला फॅन्टम मराठी पोरांना भेटला तो वेताळ होऊन. मूळ कथेतला बेंगाला हा देश आपल्या बंगालसारखा ऐकू येई, म्हणून इथे त्याचा डेंकाली झाला. कॉलनीतल्या लायब्ररीत दिवसाच्या भाड्याने हे अंक मिळायचे. बाकीची पोरं पुढचा अंक कधी येणार म्हणून विचारत. काकांनी, म्हणजे तेव्हाच्या अर्ध्या चड्डीतल्या काकांनी, लायब्ररीवाल्याला विचारलं, "हे लिहितं कोण?" लायब्ररीवाला अंक उलटून म्हणाला, "टाइम्स ऑफ इंडिया." त्या उत्तराने काकांचं समाधान झालं नाही, आणि आजतागायत झालेलं नाही. ली फॉकचं नाव त्यांना पुढे कळलं. १९३४ साली मॅन्ड्रेक, १९३६ साली फॅन्टम, आणि १९९९ साली मरेपर्यंत तोच लिहीत होता. काकांच्या दृष्टीने हा जगातला एकमेव सुखी कॉमिक लेखक. "स्वतःची टिपणी, स्वतःची सही, आणि टेबल शेवटपर्यंत तेच!"

काकांचा एक सिद्धांत आहे. तो त्यांनी मला जिन्यात, भाजीच्या रांगेत आणि एका मयताला ऐकवलेला आहे. सुपरहिरोंना दोन नावं असतात, ती त्यांनी आपल्या सोयीने घेतलेली. त्यांच्या लेखक-चित्रकारांनाही दोन नावं होती, ती पोटासाठी घेतलेली. स्टॅन ली म्हणजे स्टॅन्ली लीबर. जॅक किर्बी म्हणजे जेकब कर्ट्झबर्ग. केनसाहेबसुद्धा मूळचे रॉबर्ट कान. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू घरांतली ही पोरं. ली सांगायचा की खरं नाव त्याने पुढे लिहायच्या मोठ्या कादंबरीसाठी राखून ठेवलं होतं, इतकं कॉमिकचं काम तेव्हा हलकं समजलं जाई. "आणि मिल्टन फिंगरने बिल हे नाव घेतलं," काका बोट वर करून म्हणतात, "तर तेसुद्धा छापलं नाही! मुखवटा बॅटमॅनने घातला, तोंड झाकलं गेलं फिंगरचं." मयताला हे ऐकताना आजूबाजूचे चारजण गंभीरपणे मान हलवत होते. त्यांना वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल चाललंय.

सुपरमॅनचा विषय निघाला की काका खुर्चीवरून उठून उभे राहतात. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी १९३८ साली १३० डॉलरला सुपरमॅनचे सगळे हक्क लिहून दिले. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते तो जुना चेकच २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. सुपरमॅनचं पदार्पण ज्यात झालं त्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला विकली गेली. हे आकडे काका लाल पेनाने कागदावर एकाखाली एक लिहून दाखवतात आणि खाली बेरजेऐवजी प्रश्नचिन्ह काढतात. पण त्यांना उभं करणारी गोष्ट वेगळीच. १९७०च्या दशकात शुस्टरची नजर जवळजवळ गेलेली होती, आणि सीगल लॉस एंजेलिसमध्ये नोकरी करत होता. कसली?

"कारकून-टंकलेखक!" काकांचा आवाज चिरकतो. "सुपरमॅनचा बाप! आपल्या केडरचा!"

१९७५च्या अखेरीस बोभाटा झाला, पहिला मोठा सुपरमॅन सिनेमा यायच्या बेतात होता, तेव्हा दोघांना वर्षाला २० हजार डॉलर आणि नाव मिळालं. काकांच्या हिशेबी ते पेन्शन. तेही ३७ वर्षांच्या थकबाकीशिवाय.

स्टॅन लीबद्दल मात्र काकांचं मत सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतं. सकाळी त्यांना आठवतं की मार्व्हलमध्ये ली चित्रकाराला नुसतं कथासूत्र सांगायचा, किर्बी किंवा डिट्को अख्ख्या अंकाची पानं काढून आणायचे, आणि मग ली त्यात संवाद भरायचा. म्हणजे निम्म्याहून जास्त टिपणी चित्रकाराची. इथवर ली साहेबांच्या खुर्चीत बसतो. पण संध्याकाळी काका जुने अंक उघडतात, तर पहिल्याच पानावर लीने सगळ्यांची नावं छापलेली. लेखक, पेन्सिलवाला, शाईवाला, फुग्यातली अक्षरं काढणारा आर्टी सिमेकसुद्धा, आणि प्रत्येकाला एकेक लाडकं विशेषण. कुठल्या साहेबाने टंकलेखकाचं नाव टिपणीवर घातलंय? मग काकांचा राग उतरतो. २०१८ साली डिट्को गेला, काही महिन्यांनी लीही गेला. काकांनी दोघांसाठी वेगवेगळं एकेक दिवस मौन पाळलं. डिट्कोने मुलाखती द्यायचं कधीच सोडून दिलेलं होतं, तेव्हा त्याला ते शोभलं. लीच्या वेळी काकू म्हणाल्या, "याच्यासाठी दोन दिवस पाळा."

लीकडून काकांनी एक गोष्ट मात्र उचलली. आठवड्याला ढीगभर अंक लिहिणाऱ्या लीची स्मरणशक्ती बेताची होती. १९६४च्या सुमारास त्याने हल्कच्या माणसातल्या रूपाला, ब्रूस बॅनरला, चुकून बॉब बॅनर केलं. वाचकांची पत्रं आली तेव्हा लीने ठोकून दिलं की त्याचं पूर्ण नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. ते आजही तसंच आहे. पुढे अशा चुका नुसत्या न दाखवता त्यांचं पटणारं स्पष्टीकरण देणाऱ्या वाचकाला मार्व्हलकडून एक पाकीट येऊ लागलं. त्यावर अभिनंदनाचा मजकूर, आत काहीही नाही. तेच बक्षीस.

आमच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा घ्यायचं काम काकांकडे आलं आणि त्यांनी विजेत्यांना तशीच पाकिटं वाटली. रात्री दहाला पालकांचं शिष्टमंडळ सेक्रेटरींना घेऊन काकांच्या दारात.

"काका, पाकिटात पैसे नाहीत."

"नाहीतच."

"मग बक्षीस कुठाय?"

"ते काय, तुमच्या हातात आहे."

खजिनदारांनी हिशेबात 'पाकिटे' असा खर्च दाखवला आणि त्यापुढे कंसात 'रिकामी' असं लिहिलं. लेखापरीक्षकाने त्यावर खुलासा मागितला. काकांनी तो तीन पानी लिहून दिला. खाली प्रथमच स्वतःची सही होती.

सोसायटीच्या कारभारात कॉमिक्सचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांनी आणखी एकदा सिद्ध केलं. कुंपणालगतचा आंबा तोडायचा की ठेवायचा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर मत घेऊन ठरवू, असं सेक्रेटरी सभेत म्हणाले. काका उठले. "१९८८ साली डीसीने असंच मत घेतलं होतं. बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन, म्हणजे तो दुसरा, जेसन टॉड, मारायचा की जगवायचा? लोकांनी पैसे भरून फोन केले. मारा म्हणणारे ५,३४३. जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं मेलं! लेखकाने मारायचं तर स्वतःच्या सहीने मारावं. लोकांच्या अंगठ्यावर काय ढकलता?" सभेत शांतता पसरली. कोण पोरगं, कुठे मेलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आंबा राहिला. जेसन टॉडही पुढे २००५ साली जिवंत परत आला, हे काकांनी सभा संपल्यावर सांगितलं. "सुपरहिरोचं मरण म्हणजे बदली. सुपरमॅन १९९२ साली मेला, लोक पेपरात वाचून हळहळले, पुढच्या वर्षी मूळ जागी हजर! लेखक मात्र एकदा गेला की गेला."

काकूंना या सगळ्याचं कौतुक नाही असं नाही, पण त्या जमिनीवर असतात. २००४ साली स्पायडरमॅनचा भारतीय अवतार निघाला. खेड्यातून मुंबईला आलेला पवित्र प्रभाकर. एका योग्याने त्याला शक्ती दिलेली, आणि कमरेला धोतर. काकांनी आधी पान उलटून नावं तपासली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन, जीवन कांग, तिन्ही जागच्या जागी. त्यांचं काम झालं. काकूंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "धोतर नेसून भिंत चढला? तुम्ही मुंजीत नेसला होतात ते आठवा. जिना उतरवला नव्हता." २०२३च्या सिनेमात हाच पवित्र पडद्यावर आला तेव्हाही धोतर होतंच. काकू अख्खा वेळ त्याच्या काष्ट्याकडे लक्ष ठेवून होत्या.

घरात जेवतानासुद्धा काका श्रेय वाटल्याशिवाय घास घेत नाहीत. "आमटी अप्रतिम! कृती?" "आईची." "गोडा मसाला?" "वन्संनी पाठवलेला." "फोडणी?" "माझी. आणि आता निवेल, खा." काकूंचा एकच सवाल त्यांना निरुत्तर करतो. त्यांच्या विजेच्या बिलावर अजून आधीच्या घरमालकाचं नाव येतं. फ्लॅट घेतला तेव्हापासून. नाव बदलायला एक अर्ज लागतो, आणि काका हयातभर अर्जच लिहीत आले. "अमेरिकेतल्या मेलेल्या माणसाचं नाव लागावं म्हणून पेढे वाटता," काकू म्हणतात, "आणि स्वतःचं?" त्यावर काका म्हणतात, "फिंगरही स्वतःसाठी कधी भांडला नाही." हे उत्तर मोठं असलं तरी त्याने बिलावरचं नाव बदलत नाही.

खुद्द काकांचं नाव सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही. कुरिअरवाला त्यांचं खरं आडनाव सांगतो तेव्हा वॉचमन त्याला परत पाठवतो. गेल्या वर्षी स्मरणिकेत काकांचा परिचय छापायचा ठरला, तेव्हा 'फिंगरकाका' हे नाव कुणी पाडलं यावर वाद झाला. सेक्रेटरी म्हणाले, मी. ए विंगमधले निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, मीच, २०१५च्या पेढ्यांच्या दिवशी. दोघंही हक्क सोडेनात. काकांना तर ही पर्वणीच होती. त्यांनी रीतसर चौकशी लावली. सगळ्यांचे जबाब घेतले, तारखा जुळवल्या, आणि निष्कर्ष काढला की नाव बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने पाडलं, ती बालवाडीत असताना, लिफ्टमध्ये. साहेबांनी ते नंतर फक्त वापरलं.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. मूळ निर्मातीचं नाव ठळक अक्षरांत, तिच्या आईवडिलांच्या नावांसह. सेक्रेटरी आणि मॅनेजर यांचा उल्लेख 'प्रसारक' म्हणून.

ती मुलगी आता दहावीला आहे. बालवाडीपासून काकांच्याच गोष्टी ऐकत मोठी झालेली. तिने कागद वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि संध्याकाळी काकांच्या दारावरची बेल वाजवली. हातात वहीचं फाडलेलं पान होतं. काका ते वाचत असताना मी तिथेच होतो. सीगल-शुस्टरच्या कराराची नक्कल शंभर वेळा समजावून सांगणाऱ्या माणसासमोर त्याचाच करार आला होता. पानावर लिहिलं होतं:

'फिंगरकाका हे नाव माझं आहे. काकांनी ते रोज वापरायला हरकत नाही. दर महिन्याला एक कॅडबरी, मोठी. स्मरणिकेत छापलं तर वेगळी. हक्क विकलेले नाहीत.'

काकांनी लाल पेन काढलं, 'मोठी' या शब्दाखाली रेघ ओढली, समासात 'मान्य' असं लिहून सही केली आणि विचारलं, "सिनेमाचं काय? त्याचा उल्लेख नाही."

"ते मुद्दाम ठेवलंय काका," ती म्हणाली. "सिनेमा निघाला की वेगळं बोलू."